पणजोबांची कात्रणवही

(सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहात देवळाच्या सभागृहात झालेले भाषण)



महोत्सव-समितीची आज्ञा अशी होती की, मी आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासावर चार शब्द बोलावे. परंतु तो इतिहास ज्यांनी स्वतः विटा वाहून घडविला, असे वृद्ध स्त्रीपुरुष समोरच्या दोन रांगांत बसले असता त्यांना त्यांचीच कथा मी सांगावी, हे मला प्रशस्त वाटले नाही. सबब मी समितीस विनंती केली की, मजजवळ आमच्या पणजोबांची एक वही आहे, तिजविषयी बोलू द्यावे. समितीने ती उदारपणे मान्य केली. विषय घरगुती आहे खरा; तथापि शेवटी मला आपणांपाशी काही मागावयाचे आहे, म्हणून आपण तो शांतपणे ऐकून घ्यावा.

आपण राहतो त्या मुलखाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ कोरलेला आहे. त्या दगडांस आपला जन्मशक ठाऊक आहे. परंतु त्यांच्या सभोवार राहणाऱ्या आम्हां माणसांपैकी कितीजणांना आपल्या पणजोबांचे जन्मवर्ष सांगता येईल? आपण बहुतेक सारे आगगाडीने येथे आलेले लोक. कोणी अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यासाठी आले, कोणी पुढे दारूगोळ्याच्या कारखान्यासाठी. उल्हासनगर तर मुळात दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला हल्लीचे नाव मिळाले. आपल्या देवळाच्या मयतांच्या वहीत आपले आईबाप सापडतात, क्वचित आजोबाही सापडतात. पणजोबा सापडत नाहीत. ते मंगळूरच्या, गोव्याच्या, वसईच्या, केरळच्या कोणत्या तरी देवळाच्या वहीत निजलेले आहेत. त्या वहीचा पत्ता कसा लावावा, एवढाच माझ्या भाषणाचा प्रश्न आहे. आमच्या घरी तो कात्रणांनी लावला.

आमचे मूळ गाव साष्टीत, ठाण्याच्या खाडीलगत. पणजोबांचा जन्म १८४५ च्या सुमाराचा. गावच्या पाद्रीशाळेत ते इंग्रजी शिकले आणि कल्याण स्टेशनाच्या मालधक्क्यावर कारकून झाले. मुंबईहून ठाण्यापर्यंतची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणास आली, आणि १८५६ च्या मे महिन्यात आपल्या अंबरनाथ-बदलापुरावरून घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पोहोचली. ज्या मार्गावरून आपण आज खांद्यास खांदा घासून मुंबईस जातो, तो पणजोबांच्या बाळपणी नवलाईचा होता. त्या नवलाईचा परिणाम म्हणा, की कारकुनी हाताची खोड म्हणा, त्यांना वर्तमानपत्रांतील मजकूर कापून ठेवण्याचा नाद लागला.

वही म्हटली तरी ती विकत आणलेली नव्हे. हिशेबाची रद्द झालेली एक जाडजूड चोपडी त्यांनी घेतली आणि रकान्यांवरच कात्रणे चिकटविली. चिकटविण्यास गव्हाच्या पिठाची खळ वापरली. ती कसरीला फार प्रिय असल्यामुळे कित्येक पानांची चाळणी झाली आहे. एक गोष्ट मात्र मला आरंभी उलगडेना. सर्वांत जुनी कात्रणे सर्वांत पांढरी, आणि अलीकडची तपकिरी होऊन बोट लागताच तुटणारी! पुढे एका जाणत्या गृहस्थांनी समजावून दिले की, पूर्वीचा कागद चिंध्यांचा असे, पुढे लाकडाच्या लगद्याचा आला, आणि त्यातील आम्ल कागदास आतून जाळीत जाते. म्हणजे कात्रणाच्या रंगावरूनही त्याच्या काळाचा अंदाज करता येतो. आमच्या वहीत हे फार उपयोगी पडले, कारण पणजोबांनी प्रत्येक कात्रण रेघेला रेघ भिडवून कापले आहे; पत्राचे नाव नाही, तारीख नाही.

वहीत काय आहे? पहिल्या पानावर १८६३ च्या एप्रिल महिन्यात सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झालेल्या बोरघाटाच्या उद्घाटनाचा वृत्तांत आहे. पुढे सुएझचा कालवा, १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस उतरले तो समारंभ, दुष्काळ, गाड्यांचे अपघात, महाराणीचा सुवर्णमहोत्सव, आणि अखेरीस जानेवारी १९०१ मध्ये महाराणीच्या निधनाची काळ्या चौकटीतील बातमी. त्यापुढची सहा पाने कोरी आहेत. घराण्याविषयी एक अक्षर नाही. माझे वडील म्हणत, "आजोबांनी साऱ्या जगाची खबर ठेवली, घरची तेवढी ठेवली नाही."

घरची खबर तोंडोतोंडी होती, आणि ती अशी. पणजोबांना सहा वर्षांनी वडील असा एक भाऊ होता. तो १८५९ साली बोरघाटाच्या कामावर गेला आणि तेथे पटकीने मेला. बारशाच्या, मयताच्या जेवणाला ही गोष्ट निघे, आणि म्हाताऱ्या बाया त्याच्या नावाने आम्हेरी म्हणत. गोष्ट अविश्वसनीय मुळीच नव्हती. घाटाचे काम म्हणजे सुमारे पावणेसोळा मैलांचा चढ, पंचवीस बोगदे, आणि ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर डोंगरावर. त्यांत पटकीने किती गेले याची गणती गावोगावच्या विधवांनीच ठेवली असेल. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तेथे मोठा दंगा झाला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने त्याच वर्षी काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, विलायतेहून येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची विधवा ॲलिस हिने कंत्राट पुरे करविले. मातबर साहेबाची जेथे ही दशा, तेथे साष्टीच्या एका कोळवटलेल्या पोराची कथा काय! आमच्या गोष्टीस इतिहासाचा असा भक्कम आधार होता, आणि म्हणूनच ती कोणी कधी तपासली नाही.

वहीत एक कात्रण मात्र घरच्यांच्या थट्टेचा विषय झाले होते. एकोणिसाव्या पानावर, सबंध पान मोकळे सोडून, मधोमध हॉलोवे यांच्या गोळ्यांच्या जाहिरातीचा एक तुकडा चिकटविलेला होता. यकृत आणि पोट यांच्या यच्चयावत विकारांवर या विलायती गोळ्या त्या काळी सर्वत्र खपत. "पणजोबांचे पोट बिघडलेले होते" असा निष्कर्ष आमच्या पिढीने काढला, आणि कोणी जेवणात हात आखडता घेतला की त्यास "एकोणिसावे पान" म्हणण्याची घरात रीत पडली. ती रीत पाडणारा मीच, हे कबूल केले पाहिजे.

२६ जुलै २००५ चा दिवस येथे कोणास आठवत नाही? उल्हास नदी बदलापुरात शिरली तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. माणसे वर गेली, धान्य वर गेले, देवाच्या तसबिरी गेल्या. कपाटाच्या तळच्या कप्प्यातली वही राहिली. दोन दिवसांनी चिखलातून काढली तेव्हा ती भिजलेल्या पावासारखी फुगली होती. माझ्या पत्नीने ती उन्हात ठेवू दिली नाही. घरात वीज नव्हती. शेजारच्या मुलांच्या वह्यांतला टीपकागद गोळा करून तिने तो पानापानांत घातला आणि दिवसातून तीनदा बदलला. वही वाचली ती त्या टीपकागदाने. परंतु शंभर वर्षांची खळ पाण्याने विरघळली होती, आणि एकोणिसाव्या पानावरील गोळ्यांची जाहिरात तिच्या हातात सुटून आली. तिने ती सुकविण्यासाठी पालथी घातली. पाठीमागे मृत्यूची एक सूचना होती.

त्या काळच्या इंग्रजी पत्रांत जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या सूचना पैसे घेऊन छापीत. ही तीनच ओळींची होती. आमचे आडनाव, पणजोबांच्या भावाचे नाव, वय अठ्ठावन्न, पूर्वी साष्टीतील अमुक गावचे राहणारे, आणि ते गाव आमचे, चालू महिन्याच्या नऊ तारखेस मुंबई मुक्कामी निधन. घाटात विशीतच मेलेला मनुष्य अठ्ठावन्न वर्षे जगून मुंबईत मेला होता! पणजोबांनी ते कात्रण कापले होते, जपले होते, आणि उलटे चिकटविले होते.

त्या रात्री आम्ही दोघे त्या चिठोऱ्याकडे पाहत किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. गोळ्यांवरून हसलेले सारे हसू मला आठवत होते.

शोकसूचनेत महिना नव्हता, वर्ष नव्हते. परंतु तिच्या शेजारच्या रकान्याची एक अरुंद पट्टी कापताना राहून गेली होती, आणि तीत जनरल गॅटेकर यांच्या प्लेग कमिटीचा उल्लेख होता. डॉक्टर ॲकेशिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. गॅटेकरांची कमिटी नेमली गेली मार्च १८९७ मध्ये. तेव्हा कात्रण त्यापूर्वीचे असणे शक्य नव्हते. जुन्या पत्रांच्या अंकांतून एकेका महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याचा शोध सुरू केला, आणि १८९७ च्या मे महिन्यात ती सूचना, तिच्या पाठीवरील गोळ्यांसह, जशीच्या तशी मिळाली. हल्ली कित्येक जुनी पत्रे संगणकावरही शोधता येतात. परंतु आमच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग छापखान्याने निराळेच केले होते, म्हणून यंत्राने ते मला दाखविले नाही. डोळ्यांनी वाचावे लागले.

आता मयतांच्या वहीकडे जावयाचे. पण कोणत्या देवळाच्या? येथे तरुण श्रोत्यांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. मुंबई बेटात १७९४ पासून दोन धर्मसत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या: एक पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाची, म्हणजे पाद्रुआदोची, दुसरी थेट रोमच्या प्रोपागांदा संस्थेची. १८८६ च्या करारानेही हे द्वैत मिटले नाही. मुंबईचे आर्चबिशपपद आणि दमणचे बिशपपद अशी दोन्ही स्थापन झाली, आणि देवळे व घराणी वाटली गेली. हा दुहेरी कारभार संपला तो १९२८ साली. एकाच गल्लीत दोन भाऊ दोन निरनिराळ्या देवळांत जात, आणि एकाच्या लग्नास दुसरा उभा राहत नसे, हे ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आमचे गाव कट्टर पाद्रुआदोचे. त्या पक्षाच्या मुंबईतील देवळांत मी वर्षभर शोधले, काही मिळाले नाही. मग वही पुन्हा उघडली आणि जे पूर्वी दिसले नव्हते ते दिसले. १८८६-८७ च्या करारासंबंधाची कात्रणे वहीत अठरा आहेत, इतर कोणत्याही विषयाहून अधिक. आणि त्यांतील पंधरा आर्चबिशपांच्या बाजूच्या देवळांविषयी आहेत. पाद्रुआदोच्या घरातल्या माणसाने पलीकडच्या अंगणाची एवढी विचारपूस का करावी? मी पलीकडच्या अंगणात गेलो.

दुसरी एक अडचण नावाची होती. आज आपण ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतो, त्यांना जुन्या पत्रांत आणि सरकारी कागदांत सरसकट पोर्तुगीज किंवा नेटिव्ह ख्रिश्चन म्हटलेले असे. पुढे गोवेकर आणि मंगळूरकर बंधू नोकरीसाठी मुंबईस आले, त्यांनाही तेच नाव पडले, आणि उत्तर कोकणच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी महाराणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, २६ मे १८८७ रोजी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापून निराळे नाव घेतले. आपण कंपनी सरकारची सर्वांत जुनी प्रजा, हा त्यातील अभिमान. नोकऱ्यांची चढाओढ हे खरे कारण होते असे माझे मत आहे, आणि ते सांगितल्याबद्दल आमच्या जातबांधवांनी मजवर रागावू नये. सांगावयाचे ते इतकेच की, १८८७ च्या अलीकडे एका नावाने आणि पलीकडे दुसऱ्या नावाने शोधावे लागते.

पलीकडच्या अंगणात, एका लहानशा देवळात, मयतांची नोंद मिळाली. लॅटिन भाषेत, बापाचे नाव आमच्या खापरपणजोबांचे. मरणाचे कारण ताप, एवढेच. आणि त्या वर्षी मुंबईत ताप या शब्दाचा अर्थ काय घ्यावयाचा ते आपण जाणता. तेथील वयोवृद्ध फादरांनी दयाळूपणे मागच्या वह्याही काढून दिल्या. १८६४ साली लग्न. १८६६ साली पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा. वडील मुलास आजोबांचे नाव द्यावयाचे, या आपल्या रीतीप्रमाणे त्याचे नाव आमच्या खापरपणजोबांचेच, आणि तेच पुढे माझ्या आजोबांचेही. प्रथमदर्शनी मी ती माझ्या आजोबांचीच नोंद समजलो आणि "जन्मवर्ष चौदा वर्षांनी चुकले" असे वहीत टिपूनही घेतले. घाई करणाऱ्याची अशी फजिती होते. दुसऱ्या मुलाचा बाप्तिस्मा १८७१ सालचा. धर्मपित्याच्या रकान्यात सही होती. ती सही मी ओळखली, कारण हिशेबाच्या त्या चोपडीच्या पुठ्ठ्यावर ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ती पणजोबांची होती.

म्हणजे त्यांना सर्व काही ठाऊक होते. कल्याणहून ते आगगाडीने मुंबईस गेले, भावाच्या मुलास बाप्तिस्म्याच्या कुंडावर धरले, आणि परत येऊन, पुढे सदतीस वर्षे, आपल्या मुलाबाळांना सांगत राहिले की भाऊ घाटात मेला.

असे का केले असावे? धर्मसत्तेच्या भांडणात वडील भाऊ पलीकडे गेला, म्हणून घराने त्यास मेला असे मानले, हा सरळ अर्थ आमच्या नातेवाइकांना पटला. त्यात दोष काळाचा होतो, घराण्याचा होत नाही. मला तो पुरता पटत नाही. आमचे खाजणातले भाताचे एक शेत होते. तलाठ्याकडचे जुने फेरफार काढून पाहिले, तेव्हा खापरपणजोबांच्या मागे ते शेत एकट्या पणजोबांच्या नावावर चढलेले आढळले. दुसऱ्या वारसाचा उल्लेख नाही. मेलेल्या माणसाचा हिस्सा निघत नाही. हे कोणी करविले, स्वतः पणजोबांनी की त्यांच्या बापाने, ते फेरफार सांगत नाही. वडील भावाने स्वखुशीने सोडले असेही असू शकेल. धर्मपिता म्हणून धाकट्या भावास ज्याने बोलाविले, त्याच्या मनात फार मोठा राग नसावा. परंतु सही करून दिलेला सोडपत्राचा कागद मिळालेला नाही, आणि मिळेपर्यंत मी आपल्या घराण्याच्या बाजूने निकाल देणार नाही. ते शेत माझ्या वडिलांनी १९५६ साली विकले, आणि त्याच पैशांत बदलापुरातील आमची जागा घेतली. २००५ च्या पुराचे पाणी जिच्यात शिरले, तीच ही जागा.

आता मागणे. वडील भावाच्या थोरल्या मुलाचे लग्न १८९० साली झाले. त्या नोंदीत त्याचा धंदा आगगाडीवरचा फिटर आणि राहण्याचे ठिकाण इगतपुरी असे लिहिले आहे. त्यापुढे माग लागत नाही. आपल्या धर्मग्रामात इगतपुरी, भुसावळ, लोणावळे येथून आलेली रेल्वेची कितीतरी घराणी आहेत. ज्यांच्या घरी साष्टीतून मुंबईस आणि मुंबईहून इगतपुरीस गेलेल्या पूर्वजाची आठवण असेल, आणि ज्यांच्या आडनावाचे स्पेलिंग आमच्याशी थोडेफार जुळत असेल, त्यांनी आज किंवा उद्या मला भेटावे. त्यांच्याकडेही घाटात मेलेल्या एखाद्या धाकट्या भावाची गोष्ट सांगत असतील, तर ती मला अवश्य ऐकावयाची आहे.

वही पलीकडच्या मेजावर ठेवली आहे. पाने उलटण्यास माझी नात तेथे बसली आहे. कृपा करून हात पुसून घ्यावे आणि पाने तिलाच उलटू द्यावी. एकोणिसाव्या पानावरचे कात्रण आम्ही परत चिकटविलेले नाही. ते दोन काचांमध्ये ठेवले आहे. दोन्ही बाजू पाहता येतात.